सोसायटीतले पाळीव प्राणी: परवाना, लसीकरण आणि कमिटीचे अधिकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांसाठी आहे, तसंच कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांसाठीही. दोन्ही बाजू एकमेकांना कायदा ऐकवत असतात आणि बहुतेक वेळा दोघांनीही तो व्हॉट्सअ‍ॅपवरच वाचलेला असतो. सेक्रेटरींकडे आणि कुत्रे पाळणाऱ्यांकडे ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे घेतल्या आहेत.

कुत्रा पाळायला परवाना खरंच लागतो का? आमच्या बिल्डिंगमध्ये तर कोणाकडेच नाही.

महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर लागतो. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा लागू आहे, पुणे-ठाणे-नाशिकसारख्या शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. फी नाममात्र असते आणि परवान्याचं नूतनीकरण वेळच्या वेळी करावं लागतं. कोणाकडेच नाही याचं कारण एवढंच की कोणी विचारत नाही. कुत्रा कोणाला चावला की पहिला प्रश्न मात्र परवान्याचाच येतो, आणि तेव्हा धावपळ करून काढलेल्या कागदावरची तारीख सगळं सांगून जाते.

शहराबाहेरच्या टाउनशिपमध्ये, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर तिथल्या कार्यालयात चौकशी करा. परवान्याची व्यवस्था नसली तरी लस टोचायला कोणी अडवलेलं नाही.

मांजरीचं काय?

पुणे महापालिकेने मांजरांचीही नोंदणी सुरू केली आहे. इतरत्र आपापल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विचारून घ्या. मांजर घरातच असते म्हणून हा विषय किरकोळ समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ३०० हून जास्त मांजरी असल्याचं उघड झालं. शेजाऱ्यांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या आणि अखेर महापालिकेला नोटीस काढावी लागली. कोणत्या घरात किती जनावरं आहेत याची साधी नोंद सोसायटीकडे असेल, तर गोष्टी त्या थराला जाण्याआधीच लक्षात येतात.

परवान्यासाठी कागद कोणते?

मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा (लाइट बिल किंवा मालमत्ता कराची पावती), कुत्र्याचा फोटो आणि रेबीजची लस दिल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. मोठ्या महापालिकांत अर्ज ऑनलाइन होतो. मेख शेवटच्या कागदात आहे. लस चालू नसेल तर परवाना मिळत नाही, म्हणजे परवाना तपासला की लस आपोआप तपासली जाते. कमिटीने हा धागा धरून ठेवावा.

कमिटी हे कागद मागू शकते का? "तुम्ही कोण विचारणार?" असं एक सभासद म्हणतात.

मागू शकते. सामायिक जिना, लिफ्ट, बाग या सगळ्यांची व्यवस्था कमिटीकडे असते आणि रेबीज हा काही एका घराचा खाजगी मामला नाही. सर्वसाधारण सभेत साधा ठराव करा: ज्यांच्या घरी पाळीव प्राणी आहे त्यांनी लसीकरणाच्या पानाची आणि परवान्याची प्रत दरवर्षी ऑफिसात द्यावी. असा ठराव झाला की सेक्रेटरी स्वतःच्या मनाने विचारतोय हा आक्षेप उरत नाही.

पण मागणं वेगळं आणि सक्ती करणं वेगळं. परवाना देणं, तो तपासणं आणि नसल्यास कारवाई करणं हे महापालिकेचं काम आहे. सभासदाने प्रत दिली नाही तर कमिटी ती गोष्ट महापालिकेला कळवू शकते. त्याचा कुत्रा गेटवर अडवू शकत नाही. बहुतेक भांडणं याच रेषेवर होतात: एका बाजूला विचारायचाही अधिकार नाही असं वाटणारे मालक, दुसऱ्या बाजूला विचारायचा अधिकार म्हणजे हाकलायचा अधिकार असं धरून चालणारे चेअरमन.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं?

एका प्राण्याला एक ओळ पुरते. उदाहरणार्थ: "बी-७०३, कुत्री, देशी, रंग तपकिरी, वय अंदाजे ४, नसबंदी झालेली, रेबीज लसीची पुढची तारीख, परवाना क्रमांक व मुदत, मालकाचा फोन, घरी कोणी नसल्यास संपर्क." शेवटचा रकाना लोक विसरतात. मालक गावाला गेलेले, कुत्रा डॉग वॉकरच्या हातून सुटून पार्किंगमध्ये पळतोय आणि वॉचमनला फोन कोणाला लावायचा ते माहीत नाही, अशा वेळी तोच रकाना कामाला येतो.

रजिस्टर ऑफिसातच राहू द्या. त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत.

लसीकरणाच्या पुस्तिकेत नेमकं काय बघायचं?

नीट भरलेल्या पानावर प्रत्येक डोससमोर लसीच्या बाटलीवरून काढलेला छोटा स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. शेजारी टोचल्याची तारीख, पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकासह शिक्का असतो. स्टिकर नसेल आणि नुसतंच पेनने "रेबीज झालं" असं लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांकडून प्रमाणपत्र आणायला सांगा. फोटो पाठवताना नेमका अंगठा तारखेवर येणारे सभासद प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना दुसरा फोटो मागायला लाजू नका.

लसी कोणत्या? सगळ्याच सक्तीच्या आहेत का?

परवान्यासाठी बघतात ती रेबीजची. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिला डोस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे साधारण दरवर्षी. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून, डिस्टेंपर आणि पार्व्होसारख्या रोगांवरची एकत्रित लस सुरू होते. ती कुत्र्याच्या जिवासाठी. पार्व्होने पिल्लं पटापट दगावतात आणि एका घरातला पार्व्हो जिन्यातून दुसऱ्या घरात जाऊ शकतो.

लेप्टोस्पायरोसिसचा डोस मुंबई-कोकणात चुकवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून हा रोग कुत्र्याला होतो, माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभव घेतला आहे. मांजरीसाठी रेबीज आणि मांजरांची वेगळी एकत्रित लस असते.

आमचा कुत्रा फ्लॅटबाहेर फारसा जातच नाही. मग रेबीजची लस कशाला?

खाली शी-शूला तर जातो ना? तिथे भटक्या कुत्र्याशी झटापट व्हायला दोन मिनिटं पुरतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस असो वा जनावर, वाचण्याची शक्यता जवळजवळ शून्य. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो.

लसीकरणाने काय होतं हे बघायला लांब जायला नको. गोव्यात २०१४ पासून घरची आणि रस्त्यावरची कुत्री शोधून शोधून टोचली गेली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तुमच्या आवारापुरता हिशोब मांडून बघा. दहा कुत्र्यांतल्या चारांची मुदत संपलेली असेल तर तुम्ही निकषाच्या खाली आहात.

दोनदा सांगूनही सभासद कागद देत नाहीत. आता काय करायचं?

आधी हे बघा की कागद नाहीत, की आहेत पण द्यायचे नाहीत. निम्म्याहून जास्त वेळा लस झालेली असते, पुस्तिका सापडत नसते किंवा परवाना कुठे काढायचा हेच माहीत नसतं. अशांसाठी सर्वात चांगला उपाय म्हणजे रविवारी सकाळी सोसायटीतच शिबिर. नोंदणीकृत पशुवैद्यक बोलवा, लस बर्फाच्या डब्यातून येते आहे ना ते बघा (ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते) आणि त्याच टेबलावर एखादा लॅपटॉपवाला मुलगा परवान्याचे अर्ज भरायला बसवा. दहा नोटिसांनी होत नाही ते एका सकाळी होतं.

त्यानंतरही जे अडून बसतात त्यांना लेखी कळवा. भाषा साधी ठेवा:

"आपल्या घरच्या श्वानाच्या रेबीज लसीची मुदत दिनांक ... रोजी संपली असल्याचे सोसायटीच्या नोंदवहीवरून दिसते. कृपया १५ दिवसांत लसीकरण प्रमाणपत्राची व महापालिका परवान्याची प्रत कार्यालयात द्यावी. प्रत न मिळाल्यास सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार ही बाब महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागास कळविण्यात येईल."

धमकी नाही, टोमणा नाही. पत्राची पोच घ्या. पंधरा दिवस उलटले की पशुवैद्यकीय विभागाला पत्र द्या, सोबत आधीच्या पत्राची प्रत जोडा आणि आवक क्रमांक घ्या. सोसायटीचं कर्तव्य इथे पूर्ण होतं. पुढे काहीच हललं नाही तर स्मरणपत्र द्या, मग माहिती अधिकारात केलेल्या कारवाईची विचारणा करा. वेळ लागतो, पण कागद तयार राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका. "खालील सभासदांच्या कुत्र्यांची लस झालेली नाही" अशी यादी नावानिशी नोटीस बोर्डावर किंवा ग्रुपवर लावू नका. त्यातून लस होत नाही, वैर तेवढं होतं. मग ते सभासद कुत्र्याचा विषय सोडून पार्किंगचा, गळतीचा, मागच्या ऑडिटचा विषय काढतात.

परवाना नाही म्हणून सोसायटी दंड लावू शकते का? लिफ्ट बंद करता येईल का?

नाही आणि नाही. उपविधींतला (म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमावलीतला) दंड उपविधी मोडल्याबद्दल असतो. परवाना नसणं हा महापालिकेच्या नियमाचा भंग आहे, त्याचा दंड तुमच्या मेंटेनन्स बिलात येऊ शकत नाही. आलाच, तर सभासद उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जाईल आणि वकिलाचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून होईल.

लिफ्टबद्दल भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये मज्जाव करता येत नाही, लिफ्ट वापराचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. सर्व्हिस लिफ्ट असेल तर ती वापरण्याची विनंती जरूर करावी, बहुतेक मालक आनंदाने मानतात. पाणी तोडणं, गेटवर अडवणं, बागेची किल्ली न देणं असले प्रकार तर कमिटीच्याच अंगलट येतात.

पण आम्ही एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) बहुमताने ठराव केलाय की यापुढे सोसायटीत कुत्री नकोत.

तो ठराव कागदावरच राहणार. त्याच सूचनांत म्हटलं आहे की सर्वांची संमती घेतली तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारा नियम करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा बंदीचे उपनियम अमान्य ठरवले. ठरावच करायचा असेल तर उपयोगाचा करा: सामायिक जागेत पट्टा, घाण मालकाने उचलणं, दरवर्षी कागदांची प्रत, कुत्र्याला नेताना सोबत मोठं माणूस. लहान मुलाच्या हातात तीस किलोचा लॅब्राडॉर देऊन खाली पाठवणारे पालक बघितले की शेवटची ओळ का हवी ते कळतं.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं काय? तोंडाला जाळी सक्तीची करता येईल?

सोसायटी जातीवरून भेदभाव करू शकत नाही, जाळीची सक्तीही करू शकत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदी घालण्याचं परिपत्रक राज्यांना पाठवलं होतं. ते अजूनही फिरत असतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्येच ते रद्द केलं.

तरीही, ज्याचा कुत्रा आधी कोणावर धावून गेला आहे त्याने स्वतःहून लिफ्टमध्ये जाळी लावावी. "तो काही करत नाही हो" हे वाक्य समोरच्या घाबरलेल्या माणसाला काडीचाही दिलासा देत नाही.

सोसायटीतला कुत्रा चावला. आधी काय करायचं?

भांडण नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, कॉफी काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते आहे का हे आवर्जून विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच डोस असतात.

"आमच्या कुत्र्याची लस झालेली आहे, तुम्हाला काही गरज नाही" असं मालकाने म्हटलं तरी निर्णय डॉक्टरांचा. कुत्र्याला दहा दिवस डोळ्यांखाली ठेवतात. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, पण पहिला डोस त्यासाठी थांबवत नाहीत. मालकाने लसीचं पान आणि स्वतःचा फोन नंबर चावलेल्याला न मागता द्यावा. एवढं केलं तरी निम्मी प्रकरणं पोलिसांपर्यंत जात नाहीत.

गेलीच, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूने, चिडून कोणी कुत्र्याला मारलं किंवा जायबंदी केलं तर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

रात्रभर भुंकतो. परवाना रद्द करून घेता येईल का?

भुंकणं हे कुत्रा काढून टाकायचं कारण होत नाही. मालकाशी बोला. बहुतेक वेळा कुत्रा एकटा बाल्कनीत कोंडलेला असतो, आणि ते थांबवणं मालकाच्याच हातात आहे.

भाडेकरूला कुत्रा ठेवू द्यायचा नाही असं सोसायटी म्हणू शकते का?

सोसायटी नाही, घरमालक म्हणू शकतो. लिव्ह अँड लायसन्स करारात तशी अट असेल तर तो त्या दोघांमधला प्रश्न. करारात अट नसेल तर भाडेकरूला सभासदाचेच नियम: लस, परवाना, पट्टा, सफाई. परवाना ज्या पत्त्यावर काढला आहे तो पत्ता घर बदलल्यावर बदलून घ्यायला त्याला सांगा.

आवारातल्या भटक्या कुत्र्यांची लस कोणी करायची?

महापालिकेने. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, पाळीव प्राण्यांची मालकाची. खाऊ घालण्याची जागा ठरवणं मात्र त्याच नियमांनी सोसायटीकडे दिलं आहे: जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात लस आणि नसबंदी झालेली कुत्री त्याच भागात परत सोडायला सांगितलं, रेबीजबाधित, संशयित आणि आक्रमक कुत्री सोडून. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारांसाठी वेगळा आदेश आला. वाद उकरण्याआधी ताजा आदेश बघून घ्या.

व्यवहारात, जी ताई किंवा जे काका रोज खाऊ घालतात तेच कुत्रं पकडून देऊ शकतात. त्यांच्याशी भांडून तुमचं लसीकरण होणार नाही.

ग्रुपवर आलंय की कुत्रा चावला तर मालकाला १०,००० रुपये दंड. खरं आहे का?

खरं आहे, उत्तर प्रदेशातल्या नोएडात. तिथल्या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते धोरण केलं. महाराष्ट्रातल्या सोसायटीला ते लागू नाही.

एक सभासद फ्लॅटमध्येच पिल्लं काढून विकतात. त्यांच्याकडे कुत्र्याचा परवाना आहे म्हणतात.

तो परवाना पाळण्याचा आहे, धंद्याचा नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तक्रार मंडळाकडे आणि महापालिकेकडे करा. शिवाय राहत्या घरात धंदा हा उपविधींचाही प्रश्न आहे. इथे सोसायटीचं पारडं खरंच जड आहे.

आणि पोपट, कासव वगैरे? त्यांची नोंद रजिस्टरमध्ये करायची का?

आपला हिरवा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे, मग परवाना कुठला? तारांकित कासवाचंही तेच. वनविभागाला कळवून स्वाधीन करणं हा एकच सरळ मार्ग. आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथॉन यांसारख्या परदेशी प्रजाती ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्या नोंदणीचा क्रमांक लिहून ठेवा. लोक ज्यांना सर्रास लव्हबर्ड्स म्हणतात ते बजरीगर आणि घरातली नेहमीची माशांची टाकी यांसाठी मात्र कोणालाही पत्र पाठवायची गरज नाही.